किती लांबून?

ऑक्टोबरात, आपल्याकडे दिवाळीच्या खरेदीला जोर चढतो त्याच सुमारास, कोलोरॅडोच्या पश्चिम भागातल्या छोट्या गावांत बंदुकीच्या दुकानांमध्ये उभं राहायला जागा नसते. क्रेग, मीकर, गनिसन ही ती गावं. एल्कच्या शिकारीचा रायफल-हंगाम तोंडावर आलेला असतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या गोतावळ्यातलं मोठं हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. कोलोरॅडोत त्यांची संख्या अडीच लाखांवर आहे, आणि अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके एल्क नाहीत.

काउंटरवर गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: या रायफलवर किती पटीचा स्कोप बसवू? पंचवीस पट दाखवणारा आहे का? मीकरच्या परिसरात अनेक वर्षं शिकाऱ्यांना डोंगरात घेऊन जाणाऱ्या एका वाटाड्याशी मी याच प्रश्नावर बोलत होतो. नाव छापू नका, असं त्याने आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मी उलटं विचारतो. तू किती लांबून मारणार आहेस? आणि हे तुला कसं माहीत? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणारे फार थोडे भेटतात."

हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. गेल्या वीसेक वर्षांत लांब पल्ल्याच्या शिकारीचं वेड अमेरिकेत वाढत गेलं. पाचशे, सातशे, हजार यार्डांवरून जनावर पाडल्याचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात आणि मग त्याच मापाची काच विकत घेतात. माझं म्हणणं सरळ आहे: स्कोप निवडताना जनावराला पहिल्याच गोळीत, यातना न होता मारण्याची आपली खरी कुवत किती, हे आधी ठरलं पाहिजे. काच त्यानंतर. हा क्रम उलटला की जखमी जनावर रात्रभर जंगलात रक्त सांडत फिरतं, आणि त्याचा दोष बाजारावर ढकलता येत नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौशी शिकार संपली, आणि ती संपली हे योग्यच झालं. आपली जंगलं तुटपुंजी, जनावरं थोडी. कोलोरॅडोतली व्यवस्था निराळी आहे. तिथे वन्यजीव खातं कळपांचा अंदाज घेऊन परवाने काढतं, मांस वाया घालवणं गुन्हा आहे, आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली व काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव-कामासाठी जातो. ज्या कुटुंबांना मी भेटलो त्यांच्या फ्रीझरमध्ये एका एल्कचं मांस हिवाळाभर पुरतं. या व्यवस्थेचं समर्थन करायला मी बसलेलो नाही. पण ती आहे तोवर गोळी नीट लागावी, ही अपेक्षा शिकारीच्या बाजूच्याने आणि विरोधातल्यानेही धरावी अशीच आहे.

रायफलवर दुर्बीण बसवण्याची कल्पना जुनी. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचा विल्यम माल्कम १८५५पासून असे स्कोप बनवत होता. नळीइतकेच लांबलचक, पितळी-पोलादी, मूठभर लोकांनाच परवडणारे. सामान्य शिकाऱ्याच्या हाती स्कोप आला तो १९३०नंतर, बिल वीव्हरच्या स्वस्त मॉडेलमुळे. पुढे वीव्हरने आपला कारखाना टेक्सासमधल्या एल पासोला नेला. ओरेगनच्या ल्युपोल्ड कंपनीने १९४७मध्ये पहिला स्कोप बाजारात आणला. कंपनीच्या मार्कस ल्युपोल्डच्या स्कोपात ओल शिरून काच धुरकटली आणि समोरचं हरीण निसटलं, ही त्यामागची हकीकत तिथला प्रत्येक जुना शिकारी सांगतो. स्कोपची नळी हवाबंद करून आत कोरडा नायट्रोजन भरायची पद्धत पुढे रूढ झाली. आज दोनशे डॉलरच्या स्कोपातही ती असते. खुद्द कोलोरॅडोचाही या धंद्याशी जुना संबंध आहे. डेन्व्हरला १९०९मध्ये रेडफिल्ड कंपनी सुरू झाली. तिथे काम केलेल्या डॉन बरिसने १९७१मध्ये ग्रीलीला स्वतःची कंपनी काढली, आणि ती आजही तिथेच आहे.

पण शिकाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठी सुधारणा झाली जर्मनीत. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावर साधारण चार टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपात असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. म्हणजे पुढून शिरलेल्या उजेडापैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटेतच नाहीसा व्हायचा. झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने १९३५मध्ये काचेवर अतिशय पातळ थर चढवून ही गळती रोखली. आजच्या चांगल्या स्कोपमधून नव्वद टक्क्यांच्या आसपास उजेड डोळ्यापर्यंत पोचतो.

उजेडाला एवढं महत्त्व का? कोलोरॅडोत सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत गोळी झाडायला परवानगी आहे, आणि एल्क नेमके याच दोन अर्ध्या तासांत झाडीतून गवतावर येतात. दिवसभर ते सूचिपर्णी झाडांच्या गर्दीत बसून असतात. त्यामुळे दुकानातल्या ट्यूबलाइटखाली स्कोप पारखण्यात अर्थ नाही. दुकानदाराला विनंती करून तो संध्याकाळी बाहेर न्यावा आणि रस्त्यापलीकडच्या झाडाच्या सावलीत काय दिसतं ते बघावं. चांगले दुकानदार नाही म्हणत नाहीत.

इथे एक साधा भागाकार उपयोगी पडतो. पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यायचा आणि त्याला पटीने भागायचं. उत्तर येतं ते डोळ्याकडे येणाऱ्या उजेडाच्या झोताचं माप. ५० मिलिमीटरचं भिंग वीस पटीवर ठेवलं तर झोत अडीच मिलिमीटरचा. दहा पटीवर आणलं तर पाच मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर ती जेमतेम पाचपर्यंत जाते. म्हणजे वय झालेल्या शिकाऱ्याने ५६ मिलिमीटरचं जाडजूड भिंग घेऊन आठ पटीवर सात मिलिमीटरचा झोत मिळवला, तरी त्यातला बराचसा बाहुलीबाहेरच पडतो. त्याला ४२ मिलिमीटरचा स्कोप आठ पटीवर पुरेपूर आहे, आणि खांद्यावरचं ओझंही हलकं होतं. एक गैरसमज मात्र मी वारंवार ऐकला: स्कोपची नळी जाड, म्हणजे २५.४ऐवजी ३० किंवा ३४ मिलिमीटरची, असली की आत जास्त उजेड येतो. जाड नळीचा खरा फायदा असा की क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायच्या आडव्या-उभ्या रेघा, वर-खाली सरकवायला आत जागा जास्त मिळते. लांबचा नेम धरताना ती जागा लागते.

आता पट. ३ ते ९ पट आणि ४० मिलिमीटर भिंग, हा अमेरिकेतला कित्येक दशकांचा घरोघरचा स्कोप. वजन साडेतीनशे ते चारशे ग्रॅम. ५ ते २५ पटीचे, ५६ मिलिमीटर भिंगाचे स्कोप किलोच्या आसपास जातात, आणि त्यातल्या नामवंतांची किंमत तीन हजार डॉलरच्या पुढे असते. नऊ-दहा हजार फुटांच्या उंचीवर, दम लागत असताना, तो जादा अर्धा-पाऊण किलो खांद्याला जाणवतो. वजन सोसता येईल. नजरेत मावणाऱ्या मुलखाचं काय? तीन पटीवर शंभर यार्डांवरचा सुमारे तेहतीस फूट रुंदीचा पट्टा दिसतो. पंचवीस पटीवर चार-पाच फुटांचा. एल्क कधी कधी चाळीस यार्डांवर झाडीतून एकदम समोर उभा राहतो. त्या क्षणी स्कोप वरच्या पटीवर राहिलेला असेल तर डोळ्याला दिसतो दोन फुटांचा तपकिरी केसांचा तुकडा. खांदा की पोट, काही कळत नाही. म्हणून अनुभवी माणसं स्कोपची वरची पट फारशी विचारत नाहीत. खालची पट विचारतात, आणि चालताना स्कोप कायम खालच्या पटीवर ठेवतात. जास्त पटीत स्वतःच्या श्वासाची थरथर आणि दुपारच्या हवेची लवलवही तितक्याच पटीने मोठी दिसते.

आणि गोळीला पटीशी काही देणंघेणं नाही. ६.५ क्रीडमूर हे अलीकडे लोकप्रिय झालेलं काडतूस घेऊ. त्याची गोळी सेकंदाला सुमारे २७०० फुटांनी सुटते. पाचशे यार्ड, म्हणजे ४५७ मीटर, गाठायला तिला दोन तृतीयांश सेकंदाच्या आसपास लागतो. शंभर यार्डांवर नेम जुळवलेला असेल तर पाचशेवर ती सुमारे साडेचार फूट खाली पडते. हे पडणं गणिताने काढता येतं, कारण गुरुत्वाकर्षण रोज तेवढंच असतं. लेझरने अंतर मोजायचं, तक्त्यात पाहायचं, स्कोपवरची चकती तेवढी फिरवायची.

वाऱ्याचं तसं नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा याच गोळीला पाचशे यार्डांवर सुमारे पंधरा इंच ढकलतो. एल्कच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण दीड फूट व्यासाचा, म्हणजे मधल्या बिंदूपासून नऊ इंच. वारा ताशी पाच मैलांनी चुकीचा जोखला तर गोळी सात-आठ इंच सरकली. शिवाय डोंगरउतारावर बसून, पाठपिशवीवर रायफल टेकवून, साधारण कसलेल्या माणसाच्या गोळ्या पाचशे यार्डांवर दहा इंचांच्या वर्तुळात पडतात. दोन्ही चुका एका दिशेला जुळल्या की गोळी पोटात. त्यातच रॉकीजमधली दरी मध्ये असते. आपल्या गालाला लागणारा वारा एक, दरीवरून जाणारा दुसरा, पलीकडच्या उतारावरचा तिसरा. आणि एल्क चरता चरता चालायला लागला, तर गोळी वाटेत असेपर्यंत तो जवळजवळ तीन फूट पुढे गेलेला असतो. हे दोन तृतीयांश सेकंद कमी करणारी काच कुणी बनवलेली नाही.

स्कोप घेताना ज्या गोष्टीकडे दुकानात दुर्लक्ष होतं आणि डोंगरात पश्चात्ताप होतो, ती म्हणजे क्रॉसहेअर आत कुठे बसवलंय. काही स्कोपांत पट वाढवली की क्रॉसहेअरही तितकंच मोठं होतं. त्यावरच्या खुणा कुठल्याही पटीवर खऱ्या असतात. काहींत क्रॉसहेअर तेवढंच राहतं, आणि खुणा एकाच पटीवर, बहुधा सगळ्यात वरच्या पटीवर, खऱ्या ठरतात. समजा दुसऱ्या प्रकारच्या स्कोपात खुणा पंधरा पटीला जुळवलेल्या आहेत आणि शिकाऱ्याने घाईत साडेसात पटीवर तीन मिलची खूण धरली. ती खूण त्या क्षणी सहा मिलची झालेली असते. मिल म्हणजे हजार यार्डांना एक यार्ड. पाचशे यार्डांवर तीन मिलची चूक म्हणजे चोपन्न इंच, साडेचार फूट. गोळी एल्कच्या पाठीवरून निघून जाते, आणि गेली हे त्यातल्या त्यात नशीब. पहिल्या प्रकाराचीही एक खोड आहे. खालच्या पटीवर त्याचं क्रॉसहेअर इतकं बारीक होतं की काळोख्या झाडीपुढे ते सापडत नाही. म्हणून तिथे मधला ठिपका उजळणारा स्कोप लागतो. माझं मत विचाराल तर तीनशे-साडेतीनशे यार्डांपुढे न जाणाऱ्याने दुसरा प्रकारच घ्यावा. दोनशे यार्डांवर नेम जुळवला तर तीनशेवर गोळी सात-आठ इंचच उतरते. थोडं वर धरलं की झालं. ना खुणा लागतात, ना चकती.

त्यापुढे जायचं असेल तर चकती इमानदार हवी. ती आहे की नाही हे तपासायची एक रीत मला त्या वाटाड्याने गावाबाहेरच्या रेंजवर दाखवली. शंभर यार्डांवर चार फूट उंच पुठ्ठा. त्यावर ओळंबा सोडून आखलेली उभी रेघ. रेघेच्या तळाशी काळा ठिपका. नेम शेवटपर्यंत त्या ठिपक्यावरच. आधी तीन गोळ्या ठिपक्यात. मग चकती दहा मिल वर, म्हणजे शंभर खटके, आणि तीन गोळ्या. शंभर यार्डांवर दहा मिल म्हणजे बरोबर एक यार्ड, छत्तीस इंच. रायफल एका पाहुण्या शिकाऱ्याची होती, स्कोप महागातला. आम्ही टेप घेऊन पुठ्ठ्याजवळ गेलो. उंची पस्तीस इंच आणि थोडी भरली. हे फार वाईट नव्हतं. पण तिन्ही भोकं रेघेच्या उजवीकडे जवळजवळ दोन इंच सरकलेली होती. वाटाड्याने रेघेवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "स्कोप तिरका बसलाय. तीनेक अंश." कड्यांचे स्क्रू सैल करून, रायफल आणि स्कोप दोन्ही पाणसळीने सरळ करून, टॉर्क-पान्याने पुन्हा आवळले. पुढच्या गोळ्या रेघेवर आल्या. मग चकती परत शून्यावर. गोळ्या पहिल्या ठिपक्यात परतल्या का? परतल्या. "हे नसतं झालं तर स्कोप परत पाठवायला सांगितलं असतं," तो म्हणाला. पाहुणा गप्प उभा होता. हजारो डॉलरची वस्तू तिरकी बसवून तो सातशे यार्डांच्या गोष्टी सांगत आला होता.

म्हणून टिकाऊपणा आणि परत शून्यावर येण्याची खात्री यांना मी काचेच्या स्वच्छतेइतकंच वजन देतो. आयडाहोतल्या ओरोफिनोची नाइटफोर्स कंपनी यासाठीच नावाजली. स्वारोव्स्की आणि झाइस काचेसाठी. रायफल घोड्याच्या खोगिराला लटकते, पिकअपच्या मागच्या सीटवर आदळत जाते. हजार फूट चढून गेल्यावर स्कोपचा नेम हलला असेल तर पंचवीस पटीतून चुकीची जागाच स्पष्ट दिसते. शंभर-दीडशे यार्डांच्या एकाच अंतराला जुळवलेल्या स्कोपात लांबचं पाहताना डोळा जरा इकडेतिकडे झाला की क्रॉसहेअर सरकल्यासारखं वाटतं. त्यासाठी बाजूला वेगळी चकती असलेला स्कोप चारशे यार्डांपुढे जाणाऱ्याने घ्यावा.

एका गोष्टीत मी तडजोड करणार नाही. जनावर शोधण्यासाठी रायफलवरचा स्कोप वापरू नये. स्कोपमधून पलीकडच्या उतारावर नजर फिरवणं म्हणजे भरलेली रायफल तिथल्या प्रत्येक माणसावर रोखणं. शोधायला गळ्यात वेगळी दुर्बीण असावी. सावज नक्की झालं, मागे माती आहे हे दिसलं, की मगच रायफल खांद्याला.

नेम शेवटी शरीरात असतो, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक जिंकलं. त्या रायफलवर काहीही मोठं करून दाखवणारी काच नसते. बारीक छिद्राची साइट असते, आणि लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभ्याने त्यात गोळ्या घालायच्या. श्वास, सांध्यांचा आधार आणि चापावरच्या बोटाचा दाब यांवर वर्षानुवर्षं घेतलेली मेहनत तिथे उपयोगी पडते. शिकाऱ्याने तिचा दहावा हिस्सा केला तरी त्याला स्कोपची पट कमीच लागेल.

तंत्रज्ञान मात्र उलट्या दिशेने धावतंय. दहा-बारा वर्षांपूर्वी टेक्सासच्या एका कंपनीने असा स्कोप काढला की लक्ष्यावर खूण केली की संगणक अंतर-कोन जुळवतो, आणि नेम जुळला की मगच गोळी सुटते. कोलोरॅडोने शिकारीसाठी अशा रायफलींना मनाई केली. आयडाहोत मोठ्या जनावरांच्या शिकारीला सोळा पौंडांहून जड रायफलच चालत नाही. थिओडोर रूझवेल्टने १८८७मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या शिकारीविरुद्ध भूमिका घेतली आहे. जनावराचे कान, नाक, डोळे निरुपयोगी करून टाकणारं अंतर शिकारीला शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. अर्ध्या मैलावरून माणसाचा वासही न लागता मारलेल्या एल्कला सुटकेची कुठली संधी होती?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि यंदा पहिला परवाना काढायला निघालेल्या मराठी मंडळींसाठी माझा निकाल असा: १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोरॅडोत शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे, तेव्हा आधी तो करा. मग नऊ इंची कागदी ताटल्या घेऊन रेंजवर जा. टेबल सोडून जमिनीवर बसा आणि थंड नळीतून झाडा. ज्या अंतरावर एक गोळी ताटलीबाहेर गेली, त्याच्या अलीकडचं अंतर तुमचं. बहुतेकांचं ते तीनशेच्या आत निघतं. तेवढ्यासाठी अडीच-तीन ते दहा पट आणि ४० ते ४४ मिलिमीटर भिंग भरपूर आहे. चारशेपर्यंत खरोखर पोचणाऱ्याने तीन ते पंधरा पट घ्यावी, बाजूच्या चकतीसह. स्कोपवर वाचलेले पैसे काडतुसांवर घाला, आणि हंगामाच्या आदल्या दिवशी शिकारीच्या उंचीवर जाऊन नेम पुन्हा तपासा, कारण समुद्रसपाटीला जुळवलेला तक्ता दहा हजार फुटांवरच्या विरळ हवेत जुळत नाही.